ससा गेला, टियाना आली
फ्लोरिडातल्या एका डोंगराची गोष्ट

किन्हीराजा हे आमचे गाव वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, नागपूरहून औरंगाबादकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर आहे. सोयाबीन आणि तुरीचा हा मुलूख. आमच्याकडे लेकराबाळांची मौज म्हणजे जत्रा. रथसप्तमीच्या सुमारास डव्ह्याची यात्रा भरते. तिथला आकाशपाळणा, फुगे, गोडीशेव एवढ्यावर आमच्या दोन पिढ्यांचे बालपण सुखात गेले. वीस रुपये दिले की पाळण्यात बसावे, वरून सारी जत्रा बघावी आणि पोटात गोळा आला की डोळे मिटून घ्यावेत. पाळण्याला गोष्ट नसते. तो फक्त फिरतो.

डिसेंबर २०२४ मध्ये लेकीकडे अमेरिकेत जाण्याची संधी मिळाली. मी अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेली बाई. लेक आणि जावई फ्लोरिडा राज्यातल्या टॅम्पा शहरी नोकरीला आहेत. तिथून दीड तासाच्या अंतरावर मॅजिक किंगडम नावाचे जगप्रसिद्ध करमणुकीचे ठिकाण आहे. नऊ वर्षांच्या नातीने मी विमानातून उतरण्याआधीच ठरवून ठेवले होते, ‘आजी, तुला टियानाच्या डोंगरावर बसवायचंच.’

या एका डोंगरावरून तिकडे गेली काही वर्षे मोठा वाद झाला. डोंगर तोच, पाणी तेच, घसरगुंडी तीच. फक्त त्याच्या पोटातली गोष्ट बदलली. नवी गोष्ट त्या जागेला शोभते की नाही, हा तो वाद. वरवर पाहता ही श्रीमंत देशातली रिकामी चर्चा वाटेल. पण खोलात गेल्यावर आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याचे पुष्कळ काही त्यात निघाले, म्हणून हा लेखनप्रपंच.

थीम पार्क म्हणजे काय?

आपल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीत चित्ररथ असतात. एका ट्रॅक्टरवर चवदार तळे, दुसऱ्यावर काळाराम मंदिराचा सत्याग्रह, तिसऱ्यावर दीक्षाभूमी. आपण रस्त्याच्या कडेला उभे राहतो आणि चित्ररथ पुढून जातात. थीम पार्कमध्ये याच्या उलट असते. देखावे जागेवर पक्के बांधलेले असतात आणि माणसे गाडीत, नावेत किंवा पाळण्यात बसून त्यांच्यामधून जातात. प्रत्येक भागाला एक विषय दिलेला असतो. त्या विषयाला धरूनच घरे, दिवे, झाडे, गाणी, खाण्याचे पदार्थ आणि नोकरांचे पोशाखसुद्धा असतात. आपल्याकडे खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका याच धर्तीवर उभारले. तिथे १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटावर बेतलेला खेळही मांडला गेला.

आता मिरवणुकीत कोणी दीक्षाभूमीचा चित्ररथ पुढे आणि १९२७ च्या चवदार तळ्याचा मागे लावला, तर आपली म्हातारी माणसे लगेच टोकतात, ‘अरे, क्रम चुकला.’ थीम पार्कच्या शौकिनांचेही तसेच आहे. जंगलाच्या देखाव्यात मोटारगाडी दिसली की त्यांना खटकते. तेव्हा ‘शोभते का?’ हा प्रश्न विचारणारे सगळेच वाईट हेतूचे असतात, असे समजण्याचे कारण नाही.

सरहद्दीचा मुलूख

मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. डिस्ने कंपनीचे पहिले उद्यान डिस्नेलँड कॅलिफोर्नियात १९५५ सालचे, हे दुसरे. तिकीट दिवसागणिक बदलते, पण शंभर डॉलरच्या खाली नाही. म्हणजे माणशी साडेआठ हजार रुपयांच्या वर. आपल्या राज्यात २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. हिशेब केला, तर एका तिकिटात महिन्याभराची मजुरी जवळजवळ संपली. जावईबापू म्हणाले, ‘आई, आज हिशेब नका करू.’ पण सवय जात नाही.

आत गेल्यावर डाव्या अंगाला अमेरिकेच्या जुन्या वसाहतींचा देखावा लागतो. तिथून पुढे ‘फ्रंटियरलँड’, म्हणजे सरहद्दीचा मुलूख. एकोणिसाव्या शतकात गोरे लोक पश्चिमेकडे सरकत गेले, त्या काळाचा हा देखावा. लाकडी फळ्यांची दुकाने, गुराख्यांच्या टोप्या, सोन्याच्या खाणी. याच भागात खाणीतल्या सुसाट आगगाडीचा रोलर कोस्टर आहे. तो १९८० पासूनचा. त्याचे लाल-तांबडे डोंगर लांबून दिसतात. त्याला लागूनच टियानाचा डोंगर. हा मात्र हिरवागार, झाडावेलींनी मढलेला, आणि माथ्यावर पाण्याची टाकी. टाकीवर राजकन्येचा मुकुट. लाल डोंगराशेजारी हा हिरवा डोंगर उभा पाहिला की वाद कशाचा आहे, ते न सांगताच समजते.

डोंगराच्या पोटात

याला बसायचे, तर उंची किमान ४० इंच लागते. रांग भली मोठी होती. आमच्या पुढे एक कृष्णवर्णीय आजी आपल्या नातीला घेऊन उभी होती. पोरीने टियानाचा हिरवा झगा घातला होता. रांगेत दोन आज्यांची ओळख व्हायला भाषा लागत नाही. पुढचे बोलणे लेकीने समजावून सांगितले. ती बाई म्हणाली की जुना खेळ होता तेव्हा आपण इथे दोनदा आलो, पण त्या डोंगरात बसलो नाही. आईने लहानपणीच त्या चित्रपटाबद्दल सांगून ठेवले होते. आज नातीसाठी पहिल्यांदाच बसतेय. एवढे बोलून ती पोरीचा झगा नीट करू लागली.

नाव लाकडाच्या ओंडक्याच्या आकाराची. दहा मिनिटांच्या आसपास ती पाण्यावरून डोंगराच्या आत-बाहेर फिरते. गोष्ट लुईझियाना राज्यातल्या दलदलीच्या मुलखातली, १९२० च्या दशकातली. टियाना ही न्यू ऑर्लिन्स शहरात खानावळ चालवणारी कष्टाळू तरुणी. शहरात सणाची मेजवानी आहे आणि वाजंत्री कमी पडलेत. तेव्हा टियाना आणि कर्णा वाजवणारी तिची सुसर वाजंत्री शोधायला दलदलीत शिरतात. वाटेत कासव, अस्वल, ससा, पाणमांजर, बेडूक भेटतात आणि रानातल्याच वस्तूंची वाद्ये वाजवतात. एक आंधळी जाणती म्हातारी आपल्याला बेडकाएवढे लहान करते आणि पुढे पुन्हा मोठे करते. तेवढ्यात नाव पन्नासेक फूट खाली कोसळते. अंगावर पाणी, तोंडातून किंकाळी! शेवटी दिव्यांच्या झगमगाटात मेजवानी आणि गाणे. नात हसून हसून लोळायची बाकी होती. मला पाळण्यातला पोटातला गोळा आठवला. वयाच्या पासष्टीनंतरही तो तसाच येतो.

आधी इथे काय होते?

हाच डोंगर १९९२ पासून जानेवारी २०२३ पर्यंत ‘स्प्लॅश माउंटन’ या नावाने चालला. कॅलिफोर्नियातला त्याचा थोरला भाऊ १९८९ सालचा. त्याच्या पोटातली गोष्ट एका चलाख सशाची होती आणि ती ‘साँग ऑफ द साउथ’ या १९४६ सालच्या डिस्ने चित्रपटातून घेतली होती. त्या चित्रपटात रेमस काका नावाचा म्हातारा कृष्णवर्णीय नोकर मळेवाल्याच्या गोऱ्या नातवाला सशाच्या गोष्टी सांगतो. मळ्यावर सारे आनंदीआनंद. मालक दयाळू, काळे लोक गात-हसत राबणारे. गुलामगिरीचा चाबूक कुठेच नाही.

तेव्हाच कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी यावर हरकत घेतली. त्यांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचे सचिव वॉल्टर व्हाइट यांनी म्हटले की कलाकुसर उत्तम असली, तरी मालक-गुलामाच्या नात्याचे हे चित्र खोटे आहे. नॅशनल निग्रो काँग्रेसने मोठ्या शहरांत चित्रपटगृहांपुढे निदर्शने केली. चित्रपटाचा पहिला खेळ १२ नोव्हेंबर १९४६ रोजी अटलांटा शहरात झाला. रेमस काकाची भूमिका करणारे जेम्स बॅस्केट त्या समारंभाला जाऊ शकले नाहीत, कारण त्या शहरात काळ्या-गोऱ्यांची वेगळी व्यवस्था कायद्याने होती. ज्याच्या तोंडून साऱ्या गोष्टी सांगितल्या, त्यालाच दाराबाहेर ठेवले. पुढे १९४८ साली त्यांना खास ऑस्कर देण्यात आले आणि त्याच वर्षी ते वारले.

वाचकहो, १९४६ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी जुलै महिन्यात बाबासाहेबांनी अमेरिकेतील थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांनी आपली गाऱ्हाणी संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडली, असे त्यांनी वाचले होते. त्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या, कारण अस्पृश्यांचा प्रश्न तसाच मांडण्याचा विचार चालला होता. तो अर्ज याच नॅशनल निग्रो काँग्रेसचा होता. जी संघटना उन्हाळ्यात संयुक्त राष्ट्रसंघाच्या दारी गेली, तीच हिवाळ्यात चित्रपटगृहाच्या दारी उभी राहिली. हक्काची लढाई आणि चित्रातल्या अपमानाची लढाई त्यांनी वेगळी मानली नाही.

कंपनीलाही हे कळत असावे. अमेरिकेत हा चित्रपट घरी बघण्यासाठी कधी व्हिडिओ कॅसेटवरही आणला नाही. तरी त्याच्यावरचा डोंगर मात्र तीस वर्षे चालवला. रेमस काकाला तेवढे वगळले आणि गोष्टी सांगायला एक बेडूक बसवला.

सशाची गोष्ट कोणाची?

इथे एक अवघड मुद्दा आहे. चित्रपट खोटा होता, पण सशाच्या गोष्टी खोट्या नव्हत्या. त्या गुलाम लोकांच्याच होत्या. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांनी रात्री झोपड्यांत आपल्या मुलांना त्या सांगितल्या. ससा दुबळा, कोल्हा आणि अस्वल बलदंड. पण प्रत्येक वेळी ससा डोके लढवून सुटतो. ज्याच्या हाती काही नाही, त्याने बळकटाला कसे चकवावे, याची ती शाळा होती. जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या लेखकाने जॉर्जियातल्या मळ्यावर त्या ऐकल्या आणि १८८० साली पुस्तक काढले. नाव त्याचे झाले. सांगणाऱ्यांची नावे राहिली नाहीत.

यातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट डांबराच्या बाहुलीची. कोल्हा डांबराची बाहुली करून वाटेत बसवतो. ससा रामराम करतो, बाहुली बोलत नाही. ससा चिडून एक हात मारतो, तो चिकटतो. दुसरा मारतो, तोही चिकटतो. मग दोन्ही पाय, शेवटी डोके. आपल्या काही वाचकांना ही गोष्ट ओळखीची वाटली असेल. आपल्या जातककथांत पंचावुध जातक आहे. पाच शस्त्रांचा राजकुमार सिलेसलोम नावाच्या चिकट केसांच्या यक्षाशी लढतो. बाण चिकटतात, तलवार चिकटते, मग हात, पाय आणि डोकेही. तरी तो घाबरत नाही आणि यक्षच त्याला सोडून देतो. तो राजकुमार म्हणजे बोधिसत्त्व. जोसेफ जेकब्स या लोककथांच्या अभ्यासकाने १८९२ सालीच या दोन कथांचे नाते दाखवले. सगळ्या पंडितांना ते मान्य नाही. पण दोन खंडांतल्या दबलेल्या माणसांच्या घरी सारखीच गोष्ट सांगितली जावी, याचे मला फार अप्रूप वाटले.

म्हणून ससा डोंगरातून गेल्याचे काही जणांना दुःख झाले, तर मी त्यांना हसणार नाही. जुन्या खेळात ससा कोल्ह्याला विनवतो, ‘काहीही कर, पण मला काटेरी झुडपात टाकू नकोस.’ कोल्हा नेमका तिथेच टाकतो आणि ससा पळून जातो, कारण त्याचा जन्मच काट्यांतला. ती मोठी घसरगुंडी म्हणजे ते काटेरी झुडूप होते. घसरण्याला अर्थ होता. नव्या खेळात ती धडकी भरवते, पण आपण का पडलो, ते नीट उमगत नाही. दुष्ट कोणी नाही, संकट नाही. वाजंत्री शोधायचे आहेत, एवढेच. हे उणे आहे आणि ते मान्य केले पाहिजे.

बदल कसा झाला?

मे २०२० मध्ये मिनीआपोलिस शहरात पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला. देशभर लोक रस्त्यावर आले. पुतळ्यांची, रस्त्यांची, मालाच्या वेष्टनांवरच्या चित्रांची फेरतपासणी सुरू झाली. या डोंगराची गोष्ट बदला, असे अर्ज लोकांनी केले. बदलू नका, असेही केले. २५ जून २०२० रोजी कंपनीने बदल जाहीर केला. आपण वर्षभर आधीपासूनच यावर काम करीत होतो, असे तिने सांगितले. कामाची धुरा शारिटा कार्टर या कृष्णवर्णीय महिलेकडे होती. २८ जून २०२४ रोजी फ्लोरिडात आणि १५ नोव्हेंबर २०२४ रोजी कॅलिफोर्नियात नवा खेळ सुरू झाला.

टियाना ही २००९ च्या ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या चित्रपटातली. डिस्नेची पहिली राजकन्या १९३७ साली पडद्यावर आली. पहिली कृष्णवर्णीय राजकन्या यायला बहात्तर वर्षे लागली. टियाना जिच्यावरून सुचली, ती खरी बाई होती. तिचे नाव लिया चेस. न्यू ऑर्लिन्समध्ये ‘डूकी चेस’ नावाच्या खानावळीत तिने आयुष्यभर स्वयंपाक केला. काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलाशी जेवणे कायद्याला मान्य नव्हते, त्या काळात नागरी हक्कांच्या चळवळीतली काळी-गोरी माणसे तिच्याकडे एकत्र जेवली आणि तिथेच त्यांनी पुढची आखणी केली. २०१९ साली ती वारली. एकत्र पंगतीची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको.

आणखी एक गोष्ट मला आवडली. खेळातल्या कथेत टियाना आता अन्नपदार्थांचा कारखाना चालवते आणि तो कामगारांच्या मालकीची सहकारी संस्था आहे. या संस्थेने जुनी मिठाची खाण विकत घेतली, तोच हा डोंगर. लुईझियानाची जमीन सपाट, मग डोंगर कुठून आला, या प्रश्नाचे हे उत्तर. तिकडे जमिनीखालच्या मिठाने खरोखरच वर उचललेल्या टेकड्या आहेत.

मग शोभते का?

कॅलिफोर्नियात तर सोळा आणे शोभते. तिथे हा डोंगर न्यू ऑर्लिन्सच्या देखाव्याला लागून आहे. १९६६ पासून तिथे जाळीदार सज्जे आणि वाजंत्र्यांचे संगीत आहेच. न्यू ऑर्लिन्सची टियाना शेजारच्या मोहल्ल्यातली लेकच ठरते. त्या भागाचे नावही २०२४ साली बदलून दलदलीच्या मुलखाला साजेसे केले.

या नावाचा इतिहास मोठा बोलका आहे. सुरुवातीला त्या जागी ‘इंडियन व्हिलेज’ होते. अमेरिकेचे मूळ रहिवासी तिथे पाहुण्यांपुढे नाच करून दाखवीत. १९७१ साली ते बंद झाले. १९७२ साली तो अस्वलांचा मुलूख झाला, १९८८ साली सगळ्या प्राण्यांचा. ज्या जागेचा देखावा इतक्या वेळा पालटला, तिथे ‘परंपरा मोडली’ ही तक्रार टिकत नाही.

फ्लोरिडाचे प्रकरण अवघड आहे. तिथे शेजारी न्यू ऑर्लिन्स नाही, पश्चिमेचे खाणवाले आणि गुराखी आहेत. काळ एकोणिसाव्या शतकाचा, तर टियाना विसाव्यातली. लाल डोंगराला हिरवा डोंगर खेटून उभा. डोळ्यांना हे खटकते, हे मी नाकारत नाही.

पण मला दोन प्रश्न पडले. पहिला असा की, जुना ससा तरी कुठे पश्चिमेचा होता? तो जॉर्जियाचा, म्हणजे दक्षिणेच्या कापसाच्या मळ्यांतला. फ्लोरिडात त्याच्या डोंगराला तांबड्या मातीचा रंग दिला होता, म्हणून तो खाणीच्या डोंगराशेजारी खपून गेला. रंग जुळला, तेव्हा मुलूख जुळतो का, याची एवढी ओरड झाली नाही. काळी मुलगी मालकीण होऊन आली आणि भूगोलाची तपासणी कडक झाली.

दुसरा प्रश्न त्या सरहद्दीच्या देखाव्यालाच विचारला पाहिजे. तो तरी खऱ्या सरहद्दीला शोभतो का? लुईझियानाचा अफाट प्रदेश अमेरिकेने १८०३ साली फ्रान्सकडून विकत घेतला आणि पश्चिमेची वाट तिथूनच उघडली. १८३० च्या कायद्याने दक्षिणेतल्या मूळ रहिवाशांना घरेदारे सोडून पश्चिमेला हाकलले. त्या वाटेवर हजारो माणसे मेली. पश्चिमेच्या गुराख्यांत चारांतला एक कृष्णवर्णीय होता, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. देखाव्यातल्या गुराख्याच्या टोपीखाली असा चेहरा क्वचितच दिसतो. तेव्हा सरहद्दीच्या मुलखात काळ्या बाईचा कारखाना दिसला, तर देखावा खऱ्याच्या थोडा जवळच गेला, असे माझे मत झाले.

परिसराच्या शुद्धतेची काळजी कंपनीला किती, तेही पुढे दिसले. याच भागातली मोठी नदी आणि तिच्यातले बेट १९७० च्या दशकापासून होते. जुलै २०२५ मध्ये दोन्ही बंद करण्यात आले, कारण तिथे मोटारींच्या चित्रपटावरचा नवा देखावा करायचा आहे. कॅलिफोर्नियातही एका रोलर कोस्टरला २०१८ साली नव्या चित्रपटाचा साज चढवला, तो निव्वळ धंद्यासाठी. टियानाच्या बदलातही धंदा आहेच. तिचे झगे आणि बाहुल्या दाराशीच विकायला होत्या. कंपनी काही समाजसुधारक नाही. पण धंद्याच्या निमित्ताने का होईना, एक जुना अपमान भिंतीवरून उतरला, हे खरे.

नाव बदलले की जागा बाटते?

‘हे इथे शोभत नाही’ हे वाक्य आपण दुसरीकडे ऐकलेले आहे. आमच्या गावावरून जाणारा रस्ता तेव्हाच्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला जातो. तिथल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. तेव्हा विरोध करणारे मराठवाड्याच्या अस्मितेची भाषा बोलत होते. घरे जळाली, माणसे मारली गेली. १९७९ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. आज तिथे शिकणाऱ्या पोरापोरींना ते नाव त्या मातीतलेच वाटते. करमणुकीचा डोंगर आणि रक्त सांडलेला लढा यांची बरोबरी मी करीत नाही. पण नवे नाव, नवी गोष्ट जागेला शोभायला थोडा काळ लागतो आणि तेवढा काळ तिला मिळाला पाहिजे, हे दोन्हीकडे सारखे आहे.

जपानमध्ये टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये सशाचा जुना डोंगर १९९२ पासून तसाच चालू आहे. म्हणजे आज एकाच डोंगराच्या तीन तऱ्हा आहेत. कॅलिफोर्नियात नवी गोष्ट जागेला पुरती जुळली, फ्लोरिडात बारा आणे जुळली, आणि टोकियोत गोष्टच बदलली नाही. फ्लोरिडाचे राहिलेले चार आणे मी खेळाच्या कथेला कापते. लिया चेसच्या पंगतीसारखा प्रसंग हाताशी असताना नुसते वाजंत्री शोधायला लावले. त्या बाईच्या आयुष्यात संकटही होते आणि हिंमतही. तेवढी घातली असती, तर ती घसरगुंडी जुन्या सशाच्या काटेरी झुडपाएवढीच लक्षात राहिली असती.

आपल्या कुटुंबांसाठी

आपल्यातल्या फार थोड्यांना फ्लोरिडाला जायला मिळेल आणि त्यावाचून काही अडणारही नाही. पण सहलीला खोपोलीचे इमॅजिका असो की गावची जत्रा, देखावे सगळीकडे असतात. परत येताना बसमध्ये मुलांना तीन गोष्टी विचारून पाहाव्यात. देखाव्यात गोष्ट कोणाची होती? हसू कोणावर आणले होते? आणि गोष्ट सांगणारा कोण होता? सात-आठ वर्षांची मुलेही याची फार नेमकी उत्तरे देतात, हा माझा अंगणवाडीपासूनचा अनुभव आहे. कधी एखाद्या सोंगात राबणाऱ्या माणसाच्या काळ्या रंगावर किंवा बोलण्यावर हसवलेले असते. आपण मोठी माणसे हसून सोडून देतो, पण लेकरू ते घरी घेऊन येते.

आणि डोंगरातून गेलेला ससा आपल्या घरात ठेवायला काही हरकत नाही. पंचावुध जातक आणि डांबराच्या बाहुलीची गोष्ट लेकरांना एकाच रात्री, एकीमागून एक सांगावी. राजकुमार चिकटला तरी घाबरला नाही, ससा चिकटला तरी त्याची अक्कल चिकटली नाही. सांगून झाल्यावर या दोन्ही गोष्टी पहिल्यांदा कोणाच्या घरात सांगितल्या गेल्या असतील, तेही मुलांना विचारावे.